गच्चीवरचा रोम

तो मंगळवार होता. सकाळी सहा वाजता माझ्या नवऱ्याने चहा ठेवला आणि तो ओट्याशी खाली बसला. मी रुग्णवाहिका बोलावली. सव्वासात वाजता डॉक्टरांनी मला सांगितलं, की तो गेला.

त्या दिवशी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांमागे, एक चिनीमातीची बरणी उन्हात उभी होती. तिच्यात मासे आणि मीठ होतं. माझ्या नवऱ्याने ती सव्वीस दिवसांपूर्वी भरली होती. ती रोज ढवळावी लागे. ती तिथे का होती हे सांगायचं तर आमच्या घरात रोम कसा आला, तिथून सुरुवात करायला हवी.

मी कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी शाळेने जुनी पुस्तकं रद्दीत काढली. त्यात प्राचीन रोमवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, पाठीचा पुठ्ठा निघालेलं. मला पुस्तक टाकवत नाही, म्हणून मी ते फिंतास भागातल्या आमच्या घरी आणलं. वाचणार मी होते. वाचलं त्याने. अर्दियातल्या एका शीतगृहाची यंत्रं तो सांभाळायचा. दिवसभर उणे अठरा अंशांच्या खोल्यांतून आत-बाहेर केलं, की संध्याकाळी त्याला बोलायला काहीतरी लांबचं लागायचं. कॉलेज सुटल्यापासून त्याने एकही पुस्तक हातात धरलं नव्हतं. हे वाचलं, आणि मग मला दुसरी आणायला लावली.

राजे, लढाया, कायदे यांत त्याला रस नव्हता. त्याला गमती हव्या असत. शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, पोह्यांची बशी हातात घेऊन तो सुरू करायचा. रोमन आरमार म्हणे लढाईला जाताना पिंजऱ्यातून कोंबड्या न्यायचं. लढाईआधी त्यांच्यापुढे दाणे टाकायचे. कोंबड्यांनी अधाशासारखे खाल्ले तर देव आपल्या बाजूने. एकदा एका सेनापतीच्या कोंबड्या दाण्याला तोंड लावीनात. तो वैतागला, म्हणाला, खायचं नसेल तर पिऊ देत, आणि त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या. लढाई तो हरला. ही गोष्ट इथेच संपली असती, पण माझ्या नवऱ्याला खरी आवडायची ती पुढची ओळ. शकुन हमखास चांगला यावा म्हणून कोंबड्या सांभाळणारे त्यांना आधी उपाशी ठेवत.

"आमच्याकडे तपासणीच्या आदल्या दिवशी दारांची रबरं बदलतात ना," तो म्हणाला, "तसंच."

दुसरी एक गोष्ट त्याने मी इस्त्री करत असताना सांगितली. रोममधल्या एका मोठ्या माणसाने तळ्यात एक वाम पाळली होती. हो, मासाच, सापासारखा लांब. ती मेली तेव्हा तो घरच्या माणसासाठी रडावं तसा रडला. भर सभेत त्याच्या विरोधकाने त्यावरून टोमणा मारला. हा म्हणाला, तुम्ही तीन बायका पुरल्यात, एकीसाठीही डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीत.

"मी रडेन हं तुझ्यासाठी," माझा नवरा म्हणाला. "वामीइतका तरी."

मी त्याला इस्त्रीचं बटण बंद करायला सांगितलं. आमच्यात बोलणारा तो होता. मी गोष्ट ऐकायचे, मग शाळेत जाऊन ती तपासायचे, आणि त्याने पदरचा घातलेला मीठमसाला काढून दाखवायचे. तो म्हणायचा, तू ग्रंथपाल आहेस की रोमची वकील? त्याला त्याचा राग कधी आला नाही. आता वाटतं, इतकी वर्षं आठवड्याला एक गोष्ट मला कुणी आयती आणून देत होतं, आणि मी तिच्यातल्या चुका काढत होते. पण तपासण्यासाठी का होईना, मी त्या नीट ऐकल्या. त्यामुळेच त्या माझ्याकडे राहिल्या.

मे महिन्यात गारुम आलं. मासे आणि मीठ उन्हात महिनोन्महिने मुरवून काढलेला हा रस रोमन लोक सगळ्यात घालत. भाजीत, मांसात, मध घातलेल्या पेअरच्या गोडातसुद्धा. चांगल्या प्रतीचा रस अत्तराच्या भावाने जाई. पाँपेईतल्या एका रसवाल्याने तर घराच्या दर्शनी जमिनीवर रंगीत खड्यांत आपल्याच बरण्यांची चित्रं काढून घेतली होती. येणारा प्रत्येक पाहुणा जाहिरातीवर पाय देऊन आत. माझा नवरा अलिबागचा, मासे खाणारा. तो खिडकीशी गेला, बाहेरच्या पांढऱ्या उजेडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "असलं ऊन रोमच्या बापानेही पाहिलं नसेल."

मासे कुठले घ्यावेत हे विचारायला तो खाली गेला. इमारतीच्या तळमजल्यावर किराण्याचं एक दुकान आहे, इथे त्याला बकाला म्हणतात. ते चालवणारे भाई रत्नागिरीकडचे आहेत, साठीचे, पस्तीस वर्षं कुवेतमध्ये. माझ्या नवऱ्याला ते दादा म्हणत, मला वहिनी. त्याने त्यांना सगळी कृती सांगितली. माशाचा थर, मिठाचा थर, ऊन, रोजचं ढवळणं. भाईंनी शांतपणे ऐकलं, मागच्या फळीवरून तपकिरी पाण्याची एक बाटली काढून गल्ल्यावर ठेवली. म्हणाले, "म्हणजे महयावा." इकडचे लोक हा माशाचा रस रोटीवर अंड्याबरोबर खातात.

"भाई, मी दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय," माझा नवरा म्हणाला.

"असेल. ही गेल्या महिन्याची हाय."

हे त्याने मला वर येऊन स्वतःच सांगितलं, हसत. बाटली मात्र विकत घेतली नाही. आपली आपणच करायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं फहाहीलच्या मासळी बाजारात गेले आणि मांदेली नि तारल्या घेऊन आले.

इथे मला माझं सांगावं लागेल. मी सांगलीची, शाकाहारी. आमच्या घरात त्याचा तवा वेगळा, सुरी वेगळी, आणि मासे तळताना खिडकी उघडी, असा ठराव होता आणि नवरा तो पाळत असे. त्या दिवशी मी शाळेतून परतले तर बाल्कनीत माझी लोणच्याची बरणी होती. लग्नानंतर पहिल्यांदा इकडे येताना आईने दिलेली, विमानात मांडीवर धरून आणलेली. तिच्यात गळ्यापर्यंत मासे. दुसरं भांडं एवढं मोठं नव्हतं, आणि प्लास्टिक रोमला चाललं नसतं, असं त्याचं म्हणणं. मी आवाज चढवत नाही. मी एवढंच म्हणाले, की ही बरणी आता या घरात परत येणार नाही.

"नाही तर नाही," तो म्हणाला. "पण रस झाल्यावर एक थेंब चाखशील?"

"नाही."

त्याने मान हलवली आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. बरणीवरून आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार गेली. इमारतीचा रखवालदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, दार वाजवून आत आला. तो मिसरी आहे, नाईलकाठच्या खेड्यातला, उंच आणि कमी बोलणारा. तो बाल्कनीत गेला, फडकं उचलून वास घेतला, आणि त्याचा चेहराच बदलला. त्यांच्याकडे वसंतातल्या सणाला असेच खारवून मुरवलेले मासे खातात. बरणी टाकायला लावायच्या ऐवजी त्याने ती स्वतःच्या हातांनी उचलली, लिफ्टने गच्चीवर नेली आणि किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझा नवरा वर जाऊन लाकडी दांड्याने बरणी ढवळायचा आणि टाकीवर पेन्सिलीने एक रेघ ओढायचा. खाली आला की आधी हात धुवायचा, मग माझ्याजवळ यायचा.

तेविसाव्या रेघेनंतर तो मंगळवार आला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. इथे आमचे अंत्यसंस्कार होत नाहीत, माणसाला घरी न्यावं लागतं, आणि त्याला कागद लागतात. दाखला, दूतावासाचं पत्र, कंपनीचं पत्र, विमानतळावरची परवानगी. हे सगळं भाई आणि ऑफिसातला एक सहकारी यांनी केलं. ईद सोडून कधी बंद न झालेलं दुकान भाईंनी तीन दिवस बंद ठेवलं. मला त्यांनी धीर दिला नाही. समोर चहा ठेवायचे आणि मी पीपर्यंत उभे राहायचे. कुठे सही करायची तिथे बोट ठेवायचे. झाडांना पाणी घालायला म्हणून मी त्यांच्याकडे घराची किल्ली दिली आणि चौथ्या दिवशी त्याच्याबरोबर मुंबईला निघाले. बरणीची मला आठवणही नव्हती.

अलिबागला दिराने अग्नी दिला. अस्थी समुद्रात सोडताना मला नवऱ्याची एक गोष्ट आठवली. रोमन लोक कधीकधी पुरलेल्या माणसापर्यंत जमिनीतून एक नळी सोडत. ठरावीक दिवशी सगळं घर थडग्यापाशी जमे, तिथेच बसून जेवे, आणि त्या नळीतून खाली दारू, दूध ओतलं जाई. ऐकून मी म्हटलं होतं, किती विचित्र. तो म्हणाला होता, सोय चांगली आहे. मला हसू येईल असं वाटलं, पण भटजी मंत्र म्हणत होते.

अग्नी दिल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास अंगणात आला. तेव्हा मला बरणी आठवली. त्याच्या हातची शेवटची रेघ सोमवारची. म्हणजे चौदा-पंधरा दिवस तिला कुणी हात लावला नव्हता, आणि कुवेतमध्ये तेव्हा पन्नास अंश होतं. ढवळलं नाही तर सडतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. भाईंना फोन करावासा वाटला. पण सुतकातलं घर, बाजूला सासूबाई, जावा, आणि मी शाकाहारी बाई फोनवर माशांची चौकशी करतेय, हे मला जमेना. मी ओसरीवर बसून राहिले. जिचा मी इतका राग केला ती बरणी सडू नये, एवढी एकच इच्छा मला त्या दिवसांत झाली. घर, नोकरी, पुढे कुठे राहायचं, यातलं काही मी मागत नव्हते. माझा नवरा घाईने काही सुरू करणारा माणूस नव्हता. जे सुरू केलं ते त्याने पुरं केलं. फक्त हेच राहिलं होतं, आणि त्यातला एक थेंब चाखायलाही मी त्याला नाही म्हणून ठेवलं होतं.

मी तीन आठवड्यांनी परतले. सगळे म्हणत होते सुट्टी संपेपर्यंत थांब. मी त्याच्या कंपनीच्या कागदांचं कारण सांगितलं. भाई विमानतळावर आले होते. रस्त्यात ते उन्हाबद्दल बोलले, झाडांपैकी एक जगलं नाही म्हणाले. बरणीचा विषय दोघांनीही काढला नाही. घरी बॅग दारातच ठेवून मी लिफ्टने वर गेले. नाकाला पदर लावूनच मी दार ढकललं.

गच्चीवर वास होता, पण सडल्याचा नव्हता. खारट, जड, भाजल्यासारखा. बरणीच्या तोंडावर धुतलेलं फडकं होतं, नवा दोरा बांधलेलं. दांडा पुसून आडवा ठेवला होता. टाकीवर रेघा होत्या. तेवीस बारीक, त्याच्या, पेन्सिलीच्या. त्यांच्यापुढे कोळशाच्या जाड रेघा, एकही दिवस न चुकता, कालपर्यंत.

भाई मागून जिना चढून आले होते, दम लागला होता. हारिसने दार उघडून द्यायचं आणि असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजानंतर त्यांनी ढवळायचं, असं चाललं होतं. मला वाटतं आभार मानायला मी तोंड उघडलं असेन, कारण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"वहिनी, एक गोष्ट बोलायची राहिली. दादान मीठ कमी घातलान होता."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याला रक्तदाब होता, डॉक्टरांनी मीठ निम्मं करायला सांगितलं होतं. त्याने ते बरणीलाही निम्मं केलं. माशाला दोन बोटं मीठ हवं तिथे एक बोट. इतक्या मिठात मासा टिकत नाही, हे रत्नागिरीच्या माणसाला न चाखता कळतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात, तो अर्दियाला गेलेला असताना, भाई हारिसला घेऊन वर आले आणि त्यांनी दुकानातलं दोन किलो मीठ आत ढकललं.

"त्याला सांगितलं का नाही?"

"त्याचा रोम होता तो," भाई म्हणाले. "मी कशाला मधे पडू?"

मी टाकीला टेकून हसले. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच. रोमचा सगळा इतिहास वाचून त्याने डॉक्टरांचा सल्ला माशांना लावला होता, आणि एका माणसाने त्याला न दुखवता ते निस्तरलं होतं, आणि मग त्याच्या मागे रोज वर चढून आला होता, साठाव्या वर्षी, त्या उन्हात. मग मला रडू आलं. भाई कठड्याशी जाऊन समुद्राकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी ढवळायला लागले. भाई म्हणाले, तुम्हाला चालायचं नाय, राहू द्या. मी म्हटलं, हात लावलेला चालतो, खाल्लेलं चालत नाही. दांडा तळापर्यंत नेऊन, खालचं वर आणून, पन्नासदा. मासे विरघळून नुसता गाळ उरला होता, आणि वर हळूहळू एक स्वच्छ रस चढत होता. जुलै गेला. धुळीची वादळं आली तेव्हा मी बरणीवर दुहेरी फडकं बांधलं. ढवळता ढवळता मी एकदा भाईंना कोंबड्यांची गोष्ट सांगितली. माझ्याकडून कुणी गोष्ट ऐकण्याची ती पहिलीच वेळ. भाई म्हणाले, कोंबड्या फेकल्यान ते ठीक, पण लढाईआधी कापून खाल्ल्या असत्या तर माणसं तरी पोटभर लढली असती. हे माझ्या नवऱ्याला ऐकवायला हवं होतं.

ऑगस्टच्या शेवटी भाईंनी दांडा नाकाशी नेला आणि म्हणाले, उद्या. आम्ही तिघांनी मलमलीतून रस गाळला. त्याला दिवस गेला. रंग चहाचा, दूध न घातलेल्या. भाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले. हारिसने पावाचा तुकडा बुडवला. झाला का, मी विचारलं.

"झाला," भाई म्हणाले. "फळीवर हाय त्याच्यापेक्षा चांगला झाला."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाखला नाही. मी त्याला नाही म्हणाले होते आणि त्याने मान हलवली होती. आमच्या संसारात माझ्या कुठल्याही नाहीवर तो रुसून बसला नाही, की त्याने ती वळवायला बघितलं नाही. आता तो नाही म्हणून ती बदलावी, असं मला वाटलं नाही. थोडा रस त्याच्यासाठी समुद्रात ओतावा, असं मात्र मनात आलं होतं. संध्याकाळी फिंतासच्या किनाऱ्यावर गेलेही. चटया टाकून लोक कोळशावर मांस भाजत होते, मुलं पाण्यात होती. मी हातात पिशवी घेऊन थोडा वेळ उभी राहिले आणि तशीच परत आले.

रिकामी बरणी मी गच्चीवरच्या नळाखाली धुतली, व्हिनेगरने, मग लिंबाने, मग पुन्हा साबणाने. वास गेला नाही. ती मी घरात आणली. आता ती स्वयंपाकघरात नाही, पुस्तकांच्या कपाटाशेजारी असते.

रस सहा बाटल्या भरला. दोन भाईंच्या घरी गेल्या, एक हारिसने आपल्या गावी पाठवली. एक अर्दियाला, त्याच्या खात्यातल्या माणसांना दिली. त्यांनी ती शीतगृहात ठेवली आहे, असं कळलं. अलिबागची एक, इकडे येऊन गेलेल्या दिराच्या बॅगेत फुटली, आणि सासूबाईंनी सगळे कपडे दोनदा धुवायला लावले. शाळेने माझं कंत्राट पुढच्या वर्षासाठी वाढवलं. मी फिंतासच्याच घरात आहे.

त्याच्या गोष्टी मी वहीत उतरवून काढते आहे. एकतीस आठवल्या. सहावी बाटली माझ्याकडे, बरणीशेजारी, भरलेली आहे.